उरलेला अर्धा कप

आमच्या घरात तेव्हा दोन औषधं होती. आईचं फ्रिजच्या माथ्यावर आणि भुंग्याचं माझ्या कपाटात, पिल्लूच्या लंगोटांच्या खाली.

भुंग्या माझा धाकटा भाऊ. लहानपणी एका जागी टिकायचा नाही, सारखा गुणगुणत घरभर फिरायचा, म्हणून आईनं ठेवलेलं नाव. चोविशीचा झाला, गुणगुणणं कधीच सुटलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

आईचा कॅन्सर हाडांत उतरला होता. डॉक्टरांनी हात टेकले, पण एक शब्द दिला होता: दुखू देणार नाही. तो शब्द एका तपकिरी बाटलीत भरलेला होता. मॉर्फिन. दर चार तासांनी बिनसुईच्या सिरिंजमध्ये घ्यायचं आणि आईच्या गालात हळूहळू सोडायचं. माझी लेक पिल्लू कडेवर असायची, दहा महिन्यांची, दोन दातांची. सिरिंज दिसली की तीही मोठ्ठा आ करायची.

"तुला नाही गं भवाने," आई म्हणायची, "तुझं दुकान वेगळं आहे."

औषध उतरलं की थोड्या वेळानं आईच्या कपाळावरची घडी सुटायची, इस्त्री फिरल्यासारखी. मग ती डोळे उघडून काहीतरी फुटकळ विचारायची. दूधवाला येऊन गेला का, पिल्लूला शी झाली का, शेजारणीची सून परत आली का. दिवसभरात मी त्या फुटकळ प्रश्नांचीच वाट बघत असायचे. तेवढा वेळ माझी आई मला परत मिळायची.

भुंग्याची गोळी नेमकी याच्या उलट. चार वर्षं तो नशेत होता. आईचं औषध ज्या जातीचं, त्याच जातीची त्याची नशा, फक्त रस्त्यावरची आणि घाण. व्यसनमुक्ती केंद्रात राहून सुटून आला तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी त्याला ही पिवळी गोळी लावून दिली. रोज सकाळी एक. ती पोटात असली की वरून काहीही घेतलं तरी चढत नाही. "दाराला आतून कडी," असं ते म्हणाले होते.

पण कडी लावणार कोण? पहिल्याच आठवड्यात त्यानं गालात धरून ठेवलेली गोळी मला खिडकीतल्या कुंडीत सापडली. तेव्हापासून मी ती कुटून चहात विरघळवायला लागले, भरपूर साखर घालून. तो कप त्यानं आईच्या खाटेपाशी बसून, माझ्या डोळ्यांदेखत संपवायचा.

"काय जेलरबाई, आज साखर जास्त पडली का?" तो म्हणायचा.

"पी गुपचूप."

"जेलमध्ये तरी बिस्कीट देतात."

आई हसायची. मी हसायचे नाही. माझा नवरा लांबच्या फेऱ्यांवर ट्रक चालवतो, महिन्यातून चार दिवस घरी. भुंग्याला घरात घेतलं तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, "पोरीला काही झालं तर मी त्याला नाही विचारणार, तुला विचारेन." म्हणून मी भुंग्याला बजावून ठेवलं होतं. एक घोट जरी मागे राहिला, तरी त्याच्या कपड्यांची पिशवी दाराबाहेर. पिशवी भरलेलीच होती, दारामागच्या खुंटीवर.

आईचं मागणं वेगळं होतं. "माझे डोळे मिटेपर्यंत दोघं इथं असा. मग काय एकमेकांच्या झिंज्या उपटायच्या त्या उपटा."

आणखी एक गोष्ट आईनंच ठरवलेली. आठवड्यातून दोनदा सिस्टर यायची, घरोघर जाऊन असे आजारी बघणारी. तिला भुंग्याचं काही सांगायचं नाही. "बाहेरच्या माणसासमोर पोराला उघडं पाडू नका. तो सुधारेल, पण लोकांच्या डोक्यातून ते जायचं नाही." त्यामुळे सिस्टरच्या लेखी भुंग्या म्हणजे लाँड्रीत कामाला जाणारा, जरा घुमा मुलगा. त्याच्या गोळीबद्दल तिला माहीत असायचं काही कारणच नव्हतं.

त्या दिवशी सकाळी मी त्याच्या हातात कप दिला आणि स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. मी धावले, तर धक्का लागून पिल्लू खुर्चीच्या पायाशी पडली आणि तिनं भोकाड पसरलं. तिला घेतलं, ओठ पुसला, गॅस पुसला. परत आले तर भुंग्या कामाला निघून गेला होता, कप रिकामा होता आणि आई पदरानं ओठ टिपत होती.

"प्यायला?"

"प्यायला," आई म्हणाली.

तासाभरात आईला सुरू झालं.

आधी जांभया. एकामागून एक, जबडा निखळेल अशा. मग घाम. मग तिनं पाय पोटाशी ओढून घेतले आणि ओकली, आणि ओकून झाल्यावरही कोरडे उमाळे थांबेनात. तिच्या हातावर काटा उभा राहिला होता, पिसं काढलेल्या कोंबडीसारखा. आणि दुखणं! आजाराच्या पहिल्या महिन्यांत तिला दुखलेलं मी पाहिलं होतं, पण हे तसं नव्हतं. हे म्हणजे इतके दिवस अडवून ठेवलेलं सगळं दुखणं एकदम दार फोडून आत शिरल्यासारखं होतं. मी औषध दिलं. काही नाही. दवाखान्यात फोन केला. ते म्हणाले, अर्धी मात्रा आणखी द्या, सिस्टरला पाठवतो. दिली. काही नाही.

पाणी दिल्यासारखं.

हे शब्द डोक्यात आले आणि मी फ्रिजकडे धावले. मी बाटली उजेडाला धरली. होती तेवढी होती. पण तेवढी दाखवायला काय लागतं? नळ तर घरातच आहे.

मी लाँड्रीत फोन करून भुंग्याला बोलावून घेतलं. तो धापा टाकत आला, अंगाला साबणाचा वास. आईला बघून दारातच थबकला.

"काय झालं तिला?"

"तूच सांग काय झालं. किती काढलंस बाटलीतून?"

"काय?"

"औषध. किती काढलंस नि किती पाणी घातलंस?"

 तो हसला, एकदम वाईट हसला. "ताई, मला ते चढतच नाही. तूच रोज कडी घालतेस ना? मी चोरून करू काय त्याचं? आंघोळ?"

"विकायला."

माझ्या तोंडून ते इतक्या पटकन निघालं, की ते आधीपासूनच तिथं ठेवलेलं असावं. आई खाटेवरून काहीतरी म्हणत होती. "नाही गं... नाही..." मला वाटलं, ती कण्हतेय.

 भुंग्याची नजर खाटेशेजारच्या स्टुलावर गेली, जिथं सकाळी कप होता. ते मला तेव्हा नुसतं दिसलं. मग त्यानं खुंटीवरची पिशवी स्वतःच काढली.

"तुझे कष्ट वाचवतो," तो म्हणाला.

सिस्टर दुपारी आली. जाडजूड बाई, सतत कुणाची तरी थट्टा करणारी. त्या दिवशी मात्र तिनं थट्टा केली नाही. आईच्या पापण्या वर करून पाहिल्या. बाहुल्या एवढाल्या झाल्या होत्या. औषधावर असताना त्या टाचणीच्या टोकाएवढ्या असायच्या.

"आजी, काय खाल्लंत? काय प्यायलात?"

आईनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"अगं, हा आजार वाढलेला नाही," सिस्टर मला म्हणाली. "औषध एकदम तोडल्यावर होतं तसं आहे हे. पण तू तर देतेयस. घरात दुसरं कसलं औषध आहे? कुणाचंही. लपवू नकोस."

मी कपाटातून गोळ्यांचं पाकीट आणून तिच्या हातात दिलं. तिनं वाचलं आणि ती खाली बसली.

"हे कुणाचं?"

मी सांगितलं. सगळं. आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "अर्धाच कप होता गं."

मला आधी कळलंच नाही.

"त्याला जाईना," आई म्हणाली. दर दोन शब्दांनी दात आवळत. "म्हणाला, आई, आज नको. आजच्या दिवस. अर्धा प्यायला नि ठेवला. तू आतून येत होतीस. तू पाहिलं असतंस तर पिशवी... ओतायला मला उठता कुठं येतंय?"

"म्हणून प्यायलीस?"

"त्याचं उरलेलं मी काय आजच खातेय? कडू होता. पण मला आता सगळंच कडू लागतं."

सिस्टरनं मला स्वयंपाकघरात नेलं. तिथं तिनं मला समजावलं, हलक्या आवाजात, पिल्लूला एका मांडीवर खेळवत. आपल्या शरीरात बारीक बारीक जागा असतात, खुर्च्या म्हण. मॉर्फिन त्या खुर्च्यांवर जाऊन बसतं तेव्हा दुखणं थांबतं. ही गोळीही त्याच खुर्च्यांवर बसते. पण ती आडदांड. आधी बसलेल्याला ढकलून देते, स्वतः बसते, आणि बसून काम काही करत नाही. नुसती ठाण मांडून बसते. उठवता येत नाही.

"मग जास्त द्या ना! बाटलीभर द्या!"

"देता येत नाही गं. ती कधी उठेल ते सांगता येत नाही. एकदा उठली आणि वर बाटलीभर औषध वाट बघत थांबलेलं असलं, तर आजींचा श्वासच बंद पडेल. वाट बघायची. उद्या, कदाचित परवा. ओकारीचं देते, गुंगीचं देते. दुखणं जायचं नाही, पण धार थोडी बोथट होईल."

"मी तिच्यापाशी बसते. हात धरून. तेवढं तरी..."

 सिस्टरनं पिल्लूच्या मुठीतून स्वतःची बट सोडवून घेतली. मग म्हणाली, "बस. बसायचंच. पण आज ती शांत झाली नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. शरीर स्वतःही थोडंसं तसलंच औषध बनवतं. कुणी मायेनं जवळ घेतलं की. असं डॉक्टर म्हणतात. तेही त्याच खुर्च्यांवर बसतं."

तिनं दवाखान्यात हलवायचं विचारलं. आई किंचाळली, "नाही! तो घरी येईल नि दाराला कुलूप बघेल." डॉक्टर फोनवर म्हणाले, तिथंही वाटच बघायची आहे. मग आम्ही घरीच वाट बघितली.

जाताना सिस्टरनं दारात विचारलं, "मुलगा कुठाय? त्याची गोळी सुटली तर त्याला जप. इतके दिवस शरीराला सवय राहिलेली नाही. आधी घेत होता तेवढंच आता घेतलं तर झोपेतच श्वास थांबतो. त्यावर नाकात मारायचं औषध असतं, ढकलून देणारं. पण आमच्याकडचं संपलंय. मागवलंय."

आईचा हात मी धरला. ती माझा हात झिडकारायची, पुन्हा शोधायची, पुन्हा झिडकारायची. माझ्या हातात काहीही नव्हतं हे मला कळत होतं, तरी मी तो देत राहिले. मधूनच शुद्धीवर आल्यासारखी व्हायची तेव्हा एकच म्हणायची, "त्याला सांगू नकोस. कपाचं त्याला सांगू नकोस हं. मोडेल तो."

दुसऱ्या दिवशी शेजारीण येऊन बसली तेव्हा मी पिल्लूला पाठीशी बांधलं आणि लाँड्री गाठली.

हॉस्पिटलांच्या चादरी धुणारी मोठी लाँड्री. पुढं ड्रम घुमत असतात, वाफेनं छत गळत असतं, बोललेलं ऐकू येत नाही. मागच्या खोलीत गरम चादरींच्या घड्या घालतात. ते दोघांचं काम. भुंग्या एकटाच घालत होता, चादरीचं एक टोक टेबलाच्या कडेला वजनाखाली दाबून. त्याच्या जोडीदाराची सुट्टी होती. मी वजन उचललं आणि ते टोक हातात घेतलं.

आम्ही चादर ताणली. एकमेकांकडे चालत आलो, टोकाला टोक लावलं.

"बाटली बरोबर होती," मी म्हटलं. "माझं चुकलं."

तो मागे गेला. मीही गेले. चादर ताणली.

"मग दुखलं कशानं?"

"आजार वाढलाय."

जवळ आलो. त्यानं माझ्या हातातलं टोक घेतलं, पण सोडेना.

"ताई, मी कप अर्धा ठेवला होता. तू आलीस तेव्हा कसा होता?"

मी पिल्लूची गाठ नीट करायला लागले.

"रिकामा होता ना?" तो म्हणाला. "काल मी दारात उभा राहिलो तेव्हाच मला कळलं. ज्याला ती गोळी चुकीच्या वेळी दिली जाते ना, त्याचं काय होतं ते मी केंद्रात पाहिलंय. तोच घाम. त्याच जांभया. तू मला चोर म्हणत होतीस आणि मला वाटत होतं, बरं झालं. चोरच म्हण."

"अरे पण का? एक कप चहा. रोज पीत होतास ना?"

 पिल्लूनं माझ्या खांद्यावरून त्याला पाहिलं आणि हसली, दोन्ही दात दाखवून. भुंग्या तिच्याकडे बघत राहिला.

"ही हसतेय ते मला कळतं," तो म्हणाला. "वाचल्यासारखं कळतं. पण इथं," त्यानं छातीवर बोट आपटलं, "इथं काही होत नाही. ती कडी नुसती नशेला नाही गं लागत. सगळ्यालाच लागते. आई मरतेय, मला रडू येत नाही. तिच्याजवळ बसतो नि मनात येतं, आज किती चादरी आल्या असतील. मला एक दिवस तिच्यासाठी नीट वाईट वाटून घ्यायचं होतं. एकच दिवस. म्हटलं, अर्धा कप कमी प्यायलं तर होईल थोडं."

"घरी चल."

"आता होतंय," तो म्हणाला, माझं ऐकलंच नाही असा. "कालपासून होतंय. खूप होतंय, ताई. एवढं मागितलं नव्हतं मी."

बाहेरून कुणीतरी गाडा आत ढकलला, ओल्या चादरींचा डोंगर. पुढच्या माणसानं ओरडून विचारलं, हात चालतायत की तोंडं? भुंग्यानं नवी चादर उचलली.

"उद्या येतो," तो म्हणाला. "तिला सांग, नक्की येतो."

मी तिथंच थांबायला हवं होतं. त्याला दंडाला धरून, पिल्लूसकट, चादरीसकट घरी न्यायला हवं होतं. पण शेजारणीला तासाभराचं सांगून आले होते आणि आई तिकडे कण्हत होती. माणसाला दोनच हात असतात आणि माझे दोन्ही आधीच भरलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या कपाळावरची घडी सुटली.

सिस्टर तिथंच होती. तिनं सांगितलं तसं मी औषध दिलं होतं, नेहमीपेक्षा निम्मं, आणि आम्ही दोघी आईच्या चेहऱ्याकडे बघत बसलो होतो. आधी मुठी सैल झाल्या. मग खांदे. मग ती घडी. आई किती खंगली होती ते तेव्हा दिसलं. दोन दिवसांत तिच्यातलं उरलंसुरलं सगळं खर्ची पडलं होतं. सिस्टरनं नाडी पाहिली आणि मला बाहेर बोलावून म्हणाली, "आता फार ओढणार नाही ती. ज्याला बोलवायचं त्याला बोलव."

बोलवावं लागलं नाही. सिस्टर निघून गेली आणि दुपारी भुंग्या आला. आंघोळ केलेला, भांग पाडलेला, धुतलेला शर्ट. दारात चपला नीट जोडून ठेवल्या. इतका शांत, की मला क्षणभर वाटलं, निभावलं.

मग त्यानं नाक खाजवलं. पुन्हा खाजवलं. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. टाचणीची टोकं.

"भुंग्या," मी म्हटलं.

"आईला भेटू दे, ताई." त्याचा आवाज कोमट होता, लांबून आल्यासारखा. "मग जातो."

पिशवी त्याच्या खांद्यालाच होती. आतल्या खोलीत पिल्लू झोपलेली होती. नवऱ्याचं वाक्य माझ्या कानात होतं. मी दारातून बाजूला झाले.

तो खाटेपाशी जमिनीवर बसला आणि त्यानं डोकं आईच्या कुशीशी टेकवलं. आईनं चाचपडत त्याच्या केसांत हात घातला.

"आलास?"

"आलो."

"आज घेतलीस का रे?"

"घेतली."

आईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिची नजर आता धूसर झाली होती, त्याचे डोळे तिला दिसत नव्हते. तिला माझ्याकडून ऐकायचं होतं. तिला ठाऊक होतं, मी असल्या गोष्टीत खोटं बोलत नाही.

"माझ्यासमोर घेतली," मी म्हटलं. "सगळा कप."

"शहाणा गं माझा," आई म्हणाली. तिला इतकं बरं वाटलं, की तिनं डोळे मिटले. "आता बस तू पण. दोघं बसा."

मी बसले. दोघांचे डोळे मिटलेले होते, दोघांच्या चेहऱ्यावर तीच एक निवांत सुस्ती. खोलीत जागी अशी मीच.

पलीकडच्या खोलीत पिल्लू उठली. आधी कुरकुरली, मग हाका मारल्यासारखी ओरडली, मग मोठ्यानं रडायला लागली. माझ्या अंगाला दूध सुटलं, कपडे भिजले. मी उठले नाही. भुंग्याची पाठ वर यायची, खाली जायची, आणि मग बराच वेळ काहीच व्हायचं नाही. मी हात लांब करून त्याला हलवलं.

"अं," तो म्हणाला. पाठ वर आली.

मग मी आईकडे पाहिलं. मग परत त्याच्याकडे. पुन्हा हलवलं. या वेळी "अं" यायला जास्त वेळ लागला. आईचा हात त्याच्या केसांत तसाच होता, आणि तो हात हलतोय तो तिचा तिचा, की मी त्याला हलवतेय म्हणून, ते मला ओळखू येत नव्हतं. पिल्लू रडत होती.